फिरस्त्यांच्या पडावास गावात जागा

ग्रामसभेपुढे वारंवार येणारा आणि दर वेळी निर्णयावाचून पुढील सभेवर ढकलला जाणारा असा एक विषय आहे. गावाच्या कडेस पाले ठोकून राहणाऱ्या फिरस्त्या लोकांस जागा द्यावयाची की नाही, द्यावयाची तर कोणती आणि कोणत्या अटीवर, हा तो विषय होय. नाचणगाव हे पुलगाव स्टेशनच्या लगतचे, मोठ्या वस्तीचे गाव. वर्धा नदी जवळ, मुंबई-नागपूर लोहमार्ग जवळ, आणि सभोवार कापूस-तुरीची काळी जमीन. अशा ठिकाणी फिरस्ता येणारच. तो पूर्वीही येत असे. परंतु पूर्वी त्याच्या येण्याचा वाद होत नसे आणि आता होतो, याचे कारण काय, हे शोधल्यावाचून या विषयाचा उलगडा व्हावयाचा नाही.

कोणा एका गावाचे किंवा एका सभेचे भांडण आम्ही येथे मांडीत नाही. देवळी तहसिलीत काय, आर्वीकडे काय, किंवा नदीपलीकडे धामणगावच्या बाजूस काय, हा विषय निघाला म्हणजे बोलणे थोड्याफार फरकाने एकच असते. एक पक्ष म्हणतो, ही चोरांची जात, यांस एक रात्रही टिकू देऊ नये. दुसरा म्हणतो, माणसेच आहेत, राहू द्या बिचारी. तिसरा काहीच बोलत नाही. मात्र जागेचा नंबर निघाला की तो जागा होतो, कारण त्या नंबरास त्याचा धुरा लागून असतो. आमची नोकरीची सारी वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात गेल्यामुळे आमची नजर स्वाभाविकच माणसांआधी कागदाकडे जाते. या प्रकरणी कागद फार काही सांगतो, असे आमचे मत आहे.

प्रथम हे लोक कोण, याची फोड केली पाहिजे, कारण सरसकट 'पालवाले' म्हटल्याने निम्मा घोटाळा होतो. एक वर्ग आहे तो केवळ मुक्कामापुरता येणारा. दिवाळीनंतर मेंढरांचे कळप घेऊन उतरणारा मेंढपाळ, कच्छ-काठेवाडाकडून पिढ्यानुपिढ्या विदर्भात येणारे रबारी आणि त्यांचे उंट, उन्हाळ्याच्या तोंडी भाता घेऊन येणारा गाडीलोहार किंवा घिसाडी, नंदीवाला, बहुरूपी, औषधी विकणारा वैदू, हे सर्व या वर्गातले. दुसरा वर्ग असा, की जो एके काळी फिरत होता, पण ज्याचे फिरणे आता जवळजवळ थांबले आहे. पारध्यांचे बेडे, वडारांची व बेलदारांची खोपटी, लभाणांचे तांडे यांत मोडतात. पहिल्यास चार-सहा आठवडे टेकावयास जागा हवी. दुसऱ्यास घर हवे. या दोन मागण्या भिन्न आहेत. सभेत त्या एकत्र कालविल्या जातात आणि मग 'आज पडाव दिला तर उद्या वसाहत होईल' ही भीती दोन्ही मागण्यांस मारून टाकते.

आता पहिल्या वर्गाचा आणि शेतकऱ्याचा संबंध पाहू. मेंढ्या शेतात बसविण्याची चाल आमच्या वाचकांस सांगावयास नको. रात्रभर कळप वावरात बसला म्हणजे लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी जमिनीत जातात. वाहतुकीचा खर्च नाही, पसरणीचा नाही. त्याबद्दल पूर्वी धान्य देत, हल्ली रोख देतात. रासायनिक खतांची पोती आली तेव्हा पुष्कळांनी ही चाल सोडली आणि पोत्यांचे भाव चढल्यावर त्यांतील पुष्कळ पुन्हा मेंढपाळाची वाट पाहू लागले. कापूस पिकविणाऱ्यास तर आणखी एक कारण आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची जी दैना केली, ती कोणी विसरला नसेल. ही अळी हंगामानंतर पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत जिवंत राहते आणि पुढील वर्षाचे संकट तेथून सुरू होते. म्हणून वेचणी संपताच शेतात शेळ्या-मेंढ्या सोडून उरलेली बोंडे व पाला खाऊ घालावा आणि मग पऱ्हाटी उपटून नष्ट करावी, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात. ज्याच्या मेंढरांनी हे काम फुकटात करावयाचे, त्यास पाणी पिण्यापुरती आणि पाल ठोकण्यापुरती जागा नाही म्हणून हाकलून द्यावयाचे, हा व्यवहार आम्हांस तरी आतबट्ट्याचा दिसतो.

लोहाराचेही तसेच. वखराची पास, डवऱ्याची पास, विळे, कुऱ्हाडी यांस पाणी चढविणारा माणूस गावात आता क्वचित राहिला आहे. ट्रॅक्टर आला तरी तुरीच्या तासात डवरा चालतोच, आणि बोथट पासेचा डवरा बैलाचा आणि माणसाचा दोघांचाही जीव घेतो.

लभाणांची कथा वेगळी आहे आणि ती थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात फिरस्ता 'निरुपयोगी' कसा ठरतो ते दिसते. शेकडो लदणीच्या बैलांवर धान्य आणि मीठ घालून मध्य प्रांतातून समुद्रकाठापर्यंत ये-जा करणारे हे लोक. सैन्यास रसद तेच पुरवीत. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि जे काम एका तांड्यास महिना लागत असे ते आगगाडी दोन दिवसांत करू लागली. धंदा गेला, बैल विकले गेले, माणसे उरली. त्यानंतर थोड्याच काळात, १८७१ साली, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली त्याची व्याप्ती देशभर झाली आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करण्यात आला. ज्या जमातीचे नाव यादीत चढले तिच्यात जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून सीमा ओलांडावयाची नाही. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत तर सर्वश्रुत आहे. स्वराज्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला. कायदा रद्द झाला, पण गावच्या तोंडातील 'चोरांची जात' हा शब्द काही रद्द झाला नाही. सभेत उठून तो उच्चारणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते, की हा शब्द त्याच्या आजोबांचा नसून इंग्रज अंमलदाराच्या यादीतला आहे.

पारध्याविषयी एक गोष्ट जाता जाता. फाशांनी तितर-लावे धरणारा, डुकरांस आणि हरणांस पिकापासून दूर ठेवणारा हा माणूस एके काळी शेतकऱ्याच्या उपयोगाचा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा ठरली. कायदा आपल्या जागी योग्य असेल; जंगलातील जनावरे वाचली पाहिजेत यात शंका नाही. परंतु त्या कायद्याने ज्याचा चरितार्थ एका दिवसात बेकायदा झाला, त्यास दुसरा धंदा कोणी शिकविला, हे विचारणारा आम्हांस भेटला नाही. आज रोही आणि रानडुक्कर यांनी चना आणि तूर तुडविली म्हणून आपण रात्री जागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू, म्हणजे जागेकडे.

वर्धा जिल्हा मालगुजारीचा. १९५१ सालच्या मार्चअखेर मालगुजारी संपुष्टात येईपर्यंत गावातील पडीत, झुडपी, चराईची जमीन ही मालगुजाराच्या नावे असली तरी रयतेचा निस्तार तीवर चालत असे. कोणी कोठे ढोरे चारावी, कोणी कोठून सरपण आणावे, वाट कोणत्या वावरातून जावी, याच्या चाली वाजिब-उल-अर्जात लिहिलेल्या असत. फिरस्ता आला तर मालगुजाराच्या किंवा पाटलाच्या एका शब्दावर आखराच्या पलीकडे, तलावाच्या काठी किंवा आमराईत उतरे. त्याचा हक्क म्हणून कोठे लिहिलेला नव्हता. परंतु जागाच इतकी होती की लिहिण्याची गरज कोणास भासली नाही. त्यात जुलूमही होता. बिगार द्यावी लागे, आणि पालातील बाईमाणसांची अब्रू मालगुजाराच्या मर्जीवर असे. त्या काळाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. सांगावयाचे ते एवढेच, की फिरस्त्याचा मुक्काम जागेच्या विपुलतेवर उभा होता, आणि ती विपुलता आता राहिली नाही.

ती कोठे गेली? काही शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, समाजमंदिरे यांत गेली, आणि ते ठीकच झाले. काही घरकुलांत गेली. आणि काही, आमच्या वाचकांनी राग मानू नये, वखराखाली गेली. गुरचरणाचा आणि पांदणीचा धुरा दर वर्षी हातभर सरकतो, तो पालवाल्याच्या काठीने सरकत नाही. मोजणीच्या वेळी साखळी धरून उभे राहिलेल्या कोणासही हे ठाऊक आहे. पाल आज उठते आणि उद्या खुणासुद्धा राहत नाही. वखर जो पुढे जातो तो मागे येत नाही. तरीही 'अतिक्रमण' हा शब्द सभेत पहिल्याने कोणाकडे बोट दाखवून उच्चारला जातो, ते आपण सर्व जाणतो.

पूर्वी एक पीक निघाले की वावर पुढील मृगापर्यंत मोकळे राही. विहिरी, वीजपंप आणि धरणाचे पाणी आल्यापासून कापसानंतर गहू, गव्हानंतर भुईमूग असे चालते. रान मोकळे असण्याचे दिवसच घटले. मेंढपाळास पूर्वी जे चार महिने मिळत, त्यांचे आता काही आठवडे उरले आहेत, आणि त्या आठवड्यांतही एका वावरातून दुसऱ्यात जाण्याची पांदण बुजलेली असते. कळप हिरव्या चन्यात शिरतो तो बहुधा येथेच.

त्यात विदर्भाच्या या सहा जिल्ह्यांची, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली यांची, स्वतःची एक अडचण आहे. मालगुजारीतील पुष्कळशी चराईची जमीन दप्तरी 'झुडपी जंगल' म्हणून चढली. झाड नसो, झुडूप नसो, नाव जंगलाचे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर अशी जमीन दुसऱ्या कामास द्यावयाची तर केंद्र सरकारची मंजुरी लागू लागली. अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वर्षानुवर्षे या वादात होती. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविषयी निकाल दिला आणि ती वनजमीनच समजावी असे ठरविले; १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी केंद्राच्या मंजुरीने नियमित करून घेण्याची वाट मात्र ठेवली. सभेत 'ती पडीत आहे ना, देऊन टाका' असे म्हणणाऱ्याने आधी पटवाऱ्याकडे जाऊन त्या नंबरासमोर काय लिहिले आहे ते पाहावे. झुडपी जंगल लिहिले असेल तर त्या नंबरावरील सर्व ठराव कागदावरच राहतील, आणि ज्यांस जागा 'दिली' त्यांस पुढे कोणीतरी उठवील.

गुरचरणाचीही गत थोडीबहुत अशीच. जगपालसिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सर्व राज्यांस फर्माविले. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. या निकालांचा हेतू गावाची जमीन गावास राहावी हाच आहे आणि शेतकऱ्याने त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याचा पहिला फटका बसतो तो ज्याच्याकडे कागद नाही, वकील नाही आणि मतदार यादीत नाव नाही त्यास. बंगला बांधणारा तारखा घेत राहतो.

मग वाट नाहीच काय? आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकातच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे कलम २२ काढून पाहावे. सरकारी जमिनीतून कोणकोणत्या कामांसाठी जागा राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे, त्याची यादी तेथे दिली आहे. गुरांची मोफत चराई, वैरण आणि गवत, दफनभूमी व स्मशान, गावठाण, खळे, बाजार, कातडी कमावण्याची जागा, रस्ते, नाल्या; आणि या सर्वांच्या रांगेत, स्मशान आणि खळे यांच्यामध्ये, पडावाची जागा. ज्याने हा कायदा लिहिला त्यास ठाऊक होते की गावास जसे स्मशान लागते, जसे खळे लागते, तशी पडावासही जागा लागते. आमच्या पाहण्यात गुरचरणाच्या नोंदी आल्या, स्मशानाच्या आल्या, बाजाराच्या आल्या. फिरस्त्यांसाठी पडाव म्हणून स्वतंत्र नंबर राखून ठेवल्याची नोंद मात्र आमच्या हाताखालून एकही गेली नाही. कायद्याने दार ठेवले आहे; ते कोणी ठोठावलेले नाही.

पडावाची नोंद आणि वसाहतीचे वाटप यांतील भेद येथे नीट ध्यानात घ्यावा. पडावाच्या जागेवर कोणा व्यक्तीचे नाव चढत नाही. ती गावासाठी राखीव राहते. तीवर घर बांधता येत नाही, तिची विक्री होत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून ती दुसऱ्या कामास लावता येत नाही. 'आज पडाव, उद्या वसाहत' या भीतीवर याहून चांगला उपाय नाही. मुक्कामाची जागा ठरलेली नसते तेव्हाच मुक्काम वाटेल तेथे होतो, लांबतो आणि शेवटी मुरतो.

दुसऱ्या वर्गास, म्हणजे ज्यांचे फिरणे थांबले त्यांस, घर पाहिजे. त्यासाठी राज्य सरकारने २०११ साली यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढली. दर जिल्ह्यातून दर वर्षी तीन गावे निवडावी, प्रत्येक ठिकाणी वीस कुटुंबे वसवावी, कुटुंबास पाच गुंठे जमीन आणि तीवर २६९ चौरस फुटांचे घर द्यावे, असे तिचे स्वरूप. वीस कुटुंबांचे शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर. मोठ्या गावास अडीच एकर ही काही प्राण जाण्यासारखी गोष्ट नाही. पण याच योजनेत एक अट अशी, की कुटुंब वर्षातून किमान सहा महिने एका ठिकाणी राहणारे असावे, आणि दुसरी अशी, की ते गावोगाव भटकून पोट भरणारे असावे. या दोन्ही अटी एकाच कुटुंबाकडून पुऱ्या करून घेण्यास कारकुनाच्या अंगी बरेच कसब लागते!

जातीच्या दाखल्याचे तर विचारूच नये. विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांस दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांकडे आजोबांच्या नावाची पावती, बंदोबस्ताचा उतारा किंवा शाळेचा दाखला निघेल. ज्याचा आजा १९६१ साली आर्वीच्या जत्रेत होता की पुसदच्या बाजारात होता हे घरातही कोणास आठवत नाही, त्याने कोणता उतारा आणावा? जमीन नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून योजना नाही, आणि योजना नाही म्हणून पुन्हा जमीन नाही. या चक्रास बाहेरून हात घालावा लागतो, आणि तो हात ग्रामपंचायतीचा असू शकतो. अमुक कुटुंब इतक्या वर्षांपासून आमच्या शिवारात राहते, एवढा ठराव आणि तशी रजिस्टरातील नोंद, ही पुढच्या पिढीची मोठी ठेव ठरेल.

आता गावकऱ्यांच्या हरकती. त्या सर्वच पोकळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. उंटांनी बांधावरचा कडुनिंब आणि बाभूळ ओरबाडली तर शेतकऱ्याचे नुकसान होतेच. हजार मेंढ्या एका गावतळ्यावर दोन वेळ उतरल्या तर गावच्या ढोरांस पाणी उरत नाही. गवळाऊ गाईंसाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात गवळ्यांसच चराई पुरेनाशी झाली असता बाहेरचे कळप का घ्यावे, हा प्रश्नही रास्त आहे. उघड्यावरील घाणीची तक्रार खरी आहे. पण या चारही तक्रारी मुक्कामाची जागा, पाणी आणि मुदत ठरलेली नसल्यामुळे निर्माण होतात. कळप किती, किती दिवस, पाणी कोठून, कोणत्या पांदणीने यावयाचे, झाड छाटावयाचे तर कोणाचे आणि कोणत्या मोबदल्यात, हे आधी बोलून घेतले म्हणजे बहुतेक भांडण मिटते. आणि बोलावयाचे तर समोरच्यास उभे राहावयास पायाखाली जागा हवी.

चोरीच्या हरकतीविषयी आम्ही दोन घटना पुढे ठेवतो. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांस, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. मुले कोणीच पळविली नव्हती. दुसरी घटना आमच्या अगदी शेजारची. जानेवारी २०२२ मध्ये तळेगाव दशासरच्या पोलिसांनी ५८ उंट आणि ते नेणारी माणसे अडविली. उंट हैदराबादेस कत्तलीसाठी चालले आहेत अशी तक्रार होती. माणसे होती कच्छची रबारी. उंट अमरावतीच्या गोरक्षणात ठेवण्यात आले. पुढे धामणगाव रेल्वेच्या न्यायालयाने ते मालकांस परत देण्याचा आदेश दिला. कायद्याने काम केले, ठीक. तथापि हे लोक विदर्भात कोठे राहतात, कोणत्या वाटेने जातात, याची चार गावांत नोंद असती तर तक्रार ऐकताच पोलीस पाटलानेच सांगितले असते की ही माणसे दर साल येथे उतरतात. नोंद ही जशी फिरस्त्याची ढाल, तशीच ती गावाचीही. कोण आले, किती आले, कधी गेले, हे कोतवालाच्या वहीत असले म्हणजे खरा चोर कोणाच्या आड लपू शकत नाही.

हा वाद आपल्यापुरताच आहे असेही नाही. युरोपात ज्यांस जिप्सी म्हणतात ते रोमा लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेले असे भाषापंडित त्यांच्या बोलीवरून सांगतात. पाण्यास ते अजूनही 'पाणी'च म्हणतात. इंग्लंडात १९६८ साली कायदा करून त्यांच्या गाड्यांसाठी तळ देण्याचे कर्तव्य तेथील जिल्हा मंडळांवर टाकण्यात आले. गावोगाव विरोध झाला, कित्येक मंडळांनी चालढकल केली आणि १९९४ साली सरकारने ते कर्तव्यच काढून टाकले. परिणाम असा, की गाड्या रस्त्याच्या कडेस आणि शेतकऱ्यांच्या वावरांत उभ्या राहतात आणि त्यांस हाकलण्याचे खटले चालतात. फ्रान्सने उलट केले. तेथे २००० सालच्या कायद्याने पाच हजारांवर वस्ती असलेल्या गावांना त्यांच्या मुक्कामाची सोय करण्याच्या जिल्हा आराखड्यात आणले, आणि ज्या गावाने आपल्या वाट्याचा तळ दिला त्यास इतर ठिकाणचा बेकायदा मुक्काम उठविण्याचा अधिकार दिला. तेथेही सर्व गावांनी तळ दिले असे नाही. पण देवघेवीचे हे तत्त्व आम्हांस पटते. जो जागा देतो त्यासच नियम सांगण्याचा अधिकार पोहोचतो. नाचणगावची वस्ती पाच हजारांहून पुष्कळ मोठी आहे.

जागा मिळाली तरी ती टिकते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा उभारली. भीक मागणारी, सिग्नलवर वस्तू विकणारी मुले तेथे अक्षरे गिरवू लागली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेचा काही भाग सापडला आणि २०१९ साली पाडला गेला. महामार्गात शेतकऱ्यांच्याही जमिनी गेल्या. ज्याचा सातबारा होता त्यास मोबदला मोजून मिळाला. शाळेस त्यासाठी भांडत राहावे लागले.

म्हणून ज्या गावांस हा विषय एकदाचा मार्गी लावावयाचा असेल त्यांनी पुढीलप्रमाणे करावे असे आम्ही सुचवितो. पटवाऱ्याकडून गावातील सरकारी नंबरांची यादी काढून त्यातून झुडपी जंगलाचे नंबर बाजूस करावे. उरलेल्यांत नाल्याच्या पुराबाहेरचा, गाडीवाटेवरचा, वस्तीपासून हाकेच्या अंतरावरचा एखादा एकर-दीड एकराचा तुकडा पाहावा. अगदी स्मशानाशेजारचा नको, कारण कितीही गरीब असला तरी माणूस तेथे मुले निजवीत नाही. कलम २२ अन्वये तो पडावासाठी राखून ठेवावा असा ठराव जिल्हाधिकाऱ्याकडे धाडावा. तेथे हातपंप, ढोरांसाठी हौद आणि चार शौचकूप यांची तरतूद पंचायतीच्या निधीतून करावी. मुक्कामाची मुदत, कळपाची संख्या आणि पांदणीची वाट त्याच ठरावात लिहावी, आणि लिहिण्याआधी येणाऱ्या मेंढपाळांच्या दोन म्होरक्यांस बोलावून विचारावे. जे वर्षानुवर्षे राहत आहेत त्यांची यादी वेगळी करून ती मुक्त वसाहतीच्या अर्जास जोडावी. या दोन याद्या एका कागदावर आणू नयेत.

ऑगस्टच्या १५ तारखेची ग्रामसभा झेंड्याच्या गडबडीत जाते. २ ऑक्टोबरच्या सभेत हा ठराव घेतला, तर मोजणीदाराची तारीख मिळून खुणा रोवल्या जाईपर्यंत कापसाची दुसरी वेचणी चालू झालेली असेल, आणि पहिले कळप नदी उतरण्यास त्यानंतरही काही आठवडे हाताशी राहतील.